संमेलनातला एक तास वाचकांना द्या: सीमाभागातील मराठी साहित्य संमेलनांच्या संयोजकांना खुले पत्र

सीमाभागातील मराठी साहित्य संमेलनांचे सर्व संयोजक, स्वागत समित्यांचे सदस्य आणि कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

भाताची मळणी आटोपली की आपल्याकडे संमेलनांचे वेध लागतात. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, कुद्रेमनी, एकेका रविवारी एकेका गावचा मांडव. यातल्या कितीतरी दिंड्यांत मी डोक्यावर कलश घेऊन चालले आहे, दुपारच्या पंगतीत वाढलं आहे आणि संध्याकाळी कविसंमेलन संपेपर्यंत मांडवात बसले आहे. वर्गणी काढून, रात्री जागून तुम्ही हे किती वर्षं चालवत आला आहात ते मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र भांडणाचं समजू नका. माझं एक मागणं आहे. ते आधी खासगीत मांडलं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून आता चारचौघांत मांडते आहे.

मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या गावात रोज संध्याकाळी सहा ते आठ मी वाचनालय उघडते. दोन कपाटं, एक लांब बाक आणि वर्तमानपत्रांचं टेबल एवढाच पसारा. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी दिलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक विज्ञान कादंबरी आली, जीवघेण्या साथीवरची. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्या पुस्तकाची जाहिरात करायची नाही. आमच्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्या फिरतात, ग्रामीण कथा फिरतात. विज्ञानाचं पुस्तक म्हटलं की ते शाळेच्या प्रकल्पापुरतं बाहेर पडतं आणि परत येऊन वर्षभर बसतं. ही कादंबरी मात्र कपाटात टिकेना. लावणी होऊन माणसं घरात अडकली होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि एकानं परत आणलं की दुसरा दारातच हात पुढे करायचा. परतीच्या तारखा लिहायचा कागद भरला, त्यावर मी दुसरा चिकटवला.

गोष्ट थोडक्यात अशी. एका शहरात ताप सुरू होतो. लागण झालेला माणूस आठवडाभर धडधाकट हिंडतो आणि मग दोन दिवसांत जातो. सरकार शहराभोवती नाकेबंदी करतं. शेजारचं राज्य आपल्याकडचे रस्ते खणून टाकतं. प्रयोगशाळेतली एक बाई लशीच्या मागे लागते, आणि तिचा नवरा नाकेबंदीच्या आत अडकलेला असतो. पुढे तो विषाणू रूप पालटतो आणि तासाभरात माणूस मारू लागतो.

पुस्तक परत करताना लोक उभ्या उभ्या बोलू लागले. आधी एकदोन जण, मग बाकावर बैठकच बसू लागली. त्या बैठकीत मी जे ऐकलं ते मी आजवर कुठल्याही परिसंवादात ऐकलेलं नाही.

सर्वांत आधी आमचे निवृत्त विज्ञान शिक्षक. पुस्तक आवडलं म्हणाले, पण उत्तरार्धावर ते चिडलेच होते. तासाभरात मारणारा रोग देशभर पसरेल कसा? ज्याला लागण झाली तो वेशीपर्यंत तरी पोचायला हवा ना! त्यांनी उपमा दिली ती आपल्या परसातली. गवताची गंजी पेटली की भडका मोठा, पण लगेच राख. शेणीची आग दिसत नाही, रात्रभर धुमसते आणि पहाटे गोठा पेटवते. २०१८ साली केरळात कोझिकोडला निपाह आला, लागण झालेल्यांतली बहुतेक माणसं गेली, पण साथ मर्यादित राहिली, सतरा बळींवर थांबली. कोरोना शेणीसारखा. लागलेल्यांतले बहुतेक बरे व्हायचे, पण लक्षणं दिसायच्या आधीच माणूस तो वाटत फिरायचा, म्हणून जग बसलं. जुना देवीचा रोग दहाबारा दिवस अंगात दबा धरून असायचा आणि धरलेल्या दहांतल्या तिघांना न्यायचा. ‘लेखकानं भडकाही घेतला आणि धुमसणंही घेतलं, दोन्ही एकाच रोगात कसं बसवणार?’ हा त्यांचा प्रश्न. मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण शेणीची गोष्ट ऐकल्यावर कोरोनात दोन वर्षं जे नीट समजलं नव्हतं ते त्या बाकावर समजलं.

आमच्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आशा आरोग्यसेविका, पुस्तक घेऊन गेल्या आणि चार दिवसांत परत आल्या. त्यांचं म्हणणं एकाच वाक्यात होतं: ‘कादंबरीत शास्त्रज्ञ हाय, मिलिटरी हाय, मंत्री हाय, पण दारात उभी राहून घरात कोण तापलंय काय म्हणून विचारणारी एक बी बाई न्हाई.’ त्या ते रागानं म्हणाल्या नाहीत, शोधून सापडलं नाही अशा सुरात म्हणाल्या. २०२० च्या त्या मार्चपासून त्या रोज घरं मोजत होत्या. बाहेरगावाहून आलेल्यांच्या हातावर शिक्के होते, त्यांच्या याद्या, तापाचं यंत्र, आणि स्वतःच्या घरी गेल्यावर अंगणातच कपडे बदलणं. ज्या दारात गेल्या त्यातल्या काही दारांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढी मोठी साथ कागदावर उभी करणाऱ्या लेखकाला ही बाई दिसली नाही, ती आमच्या वाचकाला दिसली. साहित्य समीक्षा आणखी काय असते?

नाकेबंदीच्या प्रकरणावर आमच्याकडे सगळ्यात जास्त बोललं गेलं. ते साहजिकच आहे. आपल्या भागात लेक चंदगडला, माहेर गडहिंग्लजला, कारखाना कोल्हापूरला आणि शेत घराला लागून, असं आयुष्य विणलेलं असतं. रेघ कागदावर असते, रोज ती ओलांडताना तिची आठवणही होत नाही. २०२१ मध्ये राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बहात्तर तासांच्या आतला स्वॅबचा रिपोर्ट मागू लागले तेव्हा ती रेघ आमच्या पायात आली. फाउंड्रीत काम करणारा आमचा एक तरुण वाचक म्हणाला, लेखकानं राज्याची सीमा एका ओळीत बंद केली आहे. त्या ओळीत मोटारसायकलीवर मागं बसलेली पोटुशी बायको नाही, रिपोर्टची मुदत संपायला उरलेले तास मोजणं नाही, आणि आडवाटेनं उसातून जायचं का, हा विचारही नाही. नाक्यावरच्या माणसांना तो दोष देत नव्हता, त्यांनाही वरून हुकूमच होता. त्याचं म्हणणं एवढंच की या प्रकरणाला अजून दहा पानं हवी होती. मग त्यानं ती दहा पानं तोंडी सांगितली. बाहेर पाऊस पडत होता, आठ वाजून गेले होते, आणि कुणीही उठलं नाही.

आता आमच्या आजी. वय नव्वदीला टेकलं आहे, वाचता येत नाही. नातू रात्री त्यांना कादंबरी वाचून दाखवायचा. एका संध्याकाळी त्याच्या हाताला धरून त्या वाचनालयात आल्या, कारण त्यांनाही बोलायचं होतं. शेजारच्या राज्यानं रस्ते खणले हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘हे तर गाडा ढकलल्यावानीच झालं की.’

बाकावरच्या पोरांना गाडा माहीत नव्हता, म्हणून आजींनी सांगितलं. त्यांच्या माहेरी पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, आली की मरीआईचा लाकडी गाडा सजवायचे, निवद ठेवायचे, वाजतगाजत शिवेवर न्यायचे आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे. सकाळी पलीकडचं गाव उठायचं तर शिवेत गाडा! मग ते पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलायचे. रोग गेला नाही, फक्त शेजाऱ्याकडे गेला. ‘तुमच्या पुस्तकातल्या सरकारनं शिकून सवरून बी गाडाच ढकललाय,’ असं म्हणून त्या पाणी प्यायल्या. संयोजक हो, मी गेली कित्येक वर्षं व्याख्यानं ऐकते आहे. एका कादंबरीवर इतकं नेमकं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आजींनी प्लेगचंही सांगितलं, ते त्यांच्या सासूकडून ऐकलेलं. घरात उंदीर पडला की गाव उठायचं. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, समदं रानात. माळावर खोपटी घालायची आणि सुगी जाईपर्यंत तिथंच राहायचं. कुणाचं लगीन त्या खोपटीत लागलं, कुणाचं पोर त्या खोपटीत जन्मलं. शिक्षकांनी तिथेच धागा जोडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ती लस आपल्या शेजारी हुबळी-धारवाडला हजारोंना दिली गेली. आणि २०२० च्या मार्चमध्ये आपल्या दारावर जे पहिले नियम आले ते त्याच १८९७ च्या कायद्याच्या आधारानं. सासूचं खोपट आणि नातवाच्या दारावरचे ते पहिले नियम एकाच कायद्याखाली, हे ऐकून नातू आजीकडे बघतच राहिला.

मग आजींनी लुगड्याचा पदर सारून दंडावरचा वण दाखवला. देवी काढलेला. पैशाएवढा गोल, मधे खोल, कडेला बारीक सुरकुत्या, जणू कातडीला कुणी बोटानं दाबून धरलं आहे. पोरांनी हात लावून बघितला. त्यांच्यापैकी कुणाच्या दंडावर तो नाही, कारण १९८० साली जगातून देवीचा रोगच संपल्याचं जाहीर झालं. आणि टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो, जिथं आपण सकाळी फिरायला जातो, प्रदर्शनं बघायला जातो, क्रिकेट खेळतो, तिथं ही देवीची लस तयार व्हायची, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून सुकवलेली लस बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या चार संस्थांत बेळगावची एक होती. आजींच्या दंडावरची लस तिथलीच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मला तसं वाटतं. २०२० मध्ये कोरोनाच्या स्वदेशी लशीच्या मानवी चाचण्या देशात ज्या बारा ठिकाणी सुरू झाल्या त्यांतही बेळगाव होतं. ज्या गावाची लशीशी इतकी जुनी सोयरीक आहे तिथं साथीवरची कादंबरी ‘आपला विषय नाही’ असं म्हणणं मला पटत नाही.

हे वाक्य मला ऐकवलं गेलं म्हणून लिहिते. एका संमेलनाच्या संयोजकांना मी या वाचकांना एक तास द्या म्हणून विनवलं होतं. कुठलं संमेलन, कोण संयोजक, ते इथं सांगणार नाही. त्यांचं काम मोठं आहे आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांचं उत्तर असं: विज्ञानकथा हा मुलांचा विषय, रोगराई हा मंगल प्रसंगी काढायचा विषय नव्हे, लोक दिवसभर राबून चार घटका विरंगुळ्याला येतात आणि शिवाय व्यासपीठावर बसायला नावाजलेली माणसं लागतात.

विरंगुळ्याचं मला मान्य आहे. बाकीचं नाही. विज्ञानकथा मुलांची असती तर २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकरांना कुणी निवडलं नसतं. तो माणूस जन्मानं आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. आणि ते संमेलन मार्चचं डिसेंबरवर गेलं ते साथीमुळेच. भारी विषयांचं म्हणाल, तर १९४६ मध्ये याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलनाच्या मांडवात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आपल्या मातीतल्या संमेलनाला अवघड विषयाची भीती कधीच नव्हती. आणि नावाजलेल्या माणसांचं म्हणाल तर ग्रंथदिंडी निघते ती ग्रंथाची. ग्रंथ वाचणारा माणूस त्या दिंडीत फक्त चालायचा, बोलायचा नाही, असं का?

सगळ्यांना पुस्तक आवडलं असंही नाही, आणि तेही मांडवात यायला हवं. दोन लहान पोरांचा एक बाप पुस्तक परत करताना म्हणाला, मावशी, हे पोरांच्या हाताला लागू देऊ नका, झोप उडेल. त्याचं मी ऐकलं, आता ते वरच्या फळीवर असतं. काही तरुणांनी मात्र या कादंबरीचा पुरावा केला. पुस्तकात विषाणू प्रयोगशाळेतून निसटतो ना, मग कोरोनासुद्धा मुद्दाम सोडलेला होता, लस हा कावा होता, वगैरे. तिथं मी गप्प बसले नाही. कादंबरी म्हणजे साक्ष नव्हे. अफवेनं काय होतं ते आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली, भाव कोसळला आणि गोकाक तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो कोंबड्या खड्ड्यात जिवंत पुरल्या. मी त्या पोरांना ही गोष्ट सांगितली. दोघांना पटलं, एक अजून माझ्याशी वाद घालतो. त्यानंही मांडवात येऊन वाद घालावा, शिक्षक उत्तर देतील. व्हॉट्सॲपवर एकट्यानं पुढे ढकलत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एक मुलगी आहे, कन्नड माध्यमात शिकते, घरी मराठी. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, त्यामुळे मराठी सावकाश, ओठ हलवत वाचते. कादंबरी संपवायला तिला सर्वांत जास्त दिवस लागले. त्यात एक प्रसंग आहे, सूचनांचे कागद चिकटवलेले असतात आणि वस्तीतल्या लोकांना ती भाषा येत नसते. तिथं ती थांबली. कोरोनात आमच्या गल्लीत दारावर कागद लागले तेव्हा म्हाताऱ्यांना ते वाचता येत नव्हते, आणि घरोघरी जाऊन तेच कागद मराठीत वाचून सांगणारी हीच मुलगी होती, तेव्हा चौथीत की पाचवीत. ‘माझ्यासारखं कुणीतरी पुस्तकात असायला पाहिजे होतं,’ एवढंच म्हणाली. ते प्रकरण ती आता शेजारच्या मैत्रिणीसाठी कन्नडमध्ये उतरवते आहे, वहीत, निळ्या शाईनं.

शेवटचं एक सांगते, मग मागण्याकडे येते. आमच्याच गल्लीतली एक बाई, तिचा नवरा २०२१ च्या मे महिन्यात गेला. ऑक्सिजनचा बेड मिळायला उशीर झाला. तिनं पुस्तक नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं. निम्म्यावर एका पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि त्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. त्या पानावर प्रयोगशाळेतल्या बाईच्या नवऱ्याला नळी लावतात. मला वाटलं, हिला नको ते वाचायला दिलं आपण. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘म्होरचं तू वाचून सांग गे, तो मानूस उठतोय काय न्हाई.’ मी सांगितलं, उठतो. ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. मग पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं आणि म्हणाली, ‘मग वाचतो मी. निदान त्याचा तरी उठू दे.’

आमच्याकडे बाया ‘मी वाचतो’ असंच म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

तिनं पुस्तक पूर्ण केलं. पान दुमडलेलंच आहे, मी सरळ केलं नाही.

तर माझं मागणं असं. येत्या हंगामात आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी संमेलनात एक तास वाचकांसाठी ठेवावा. आमच्याच वाचकांना बोलवा असा हट्ट नाही, प्रत्येक गावाला आपले वाचक असतात. पण पुस्तक साथीचं घ्या, निदान पहिल्या वर्षी, कारण त्या दोन वर्षांबद्दल आपण एकत्र बसून अजून बोललेलोच नाही. प्रेतं थेट स्मशानात गेली, दिवस घरातल्या घरात झाले, भेटायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवावं लागलं. कादंबरीचं निमित्त झालं की माणसं दुसऱ्याच्या गोष्टीवर बोलता बोलता स्वतःचं बोलतात, हे मी रोज संध्याकाळी बघते आहे. वेळ दुपारच्या जेवणानंतरची ठेवा. सत्कार आणि शाल-श्रीफळ थोडं आवरलं तर तास सहज निघेल. मानधन नको, प्रवासखर्च नको. सूत्रसंचालनाला आमचे शिक्षक तयार आहेत. एखादा डॉक्टर समोर बसवता आला तर फार बरं, म्हणजे चुकीचं काही बोललं गेलं तर तिथल्या तिथं दुरुस्त होईल. आशाताईंना रविवारची सुटी असेलच असं नाही, त्यांची वेळ आधी विचारून घ्यावी लागेल. हळदीच्या पानावाली बाई बोलणार नाही म्हणाली आहे, पण ऐकायला येणार आहे.

आजींना पायऱ्या चढवत नाहीत. त्यांची खुर्ची व्यासपीठाच्या खाली, पहिल्या रांगेच्या पुढं ठेवा. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न नातू कानात सांगेल. माईक मात्र त्यांच्या हातात द्या, स्टँडवर लावू नका. बोलताना त्या पुढं वाकतात.

आपली नम्र,
गावच्या वाचनालयातली एक कार्यकर्ती
बेळगाव तालुका